अडून बसलेली डिस्क

एकदा एक मुलगी बंद पडलेला संगणक काखेत मारून दुरुस्तीच्या दुकानात आली. मागून तिचे वडील, आप्पा. या माणसानं उभी हयात कुस्तीच्या मैदानावर माइक हातात धरून निवेदन केलेलं. गळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज कायमचा गेला. आता तो उरला होता फक्त या संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये, जुन्या मैदानांच्या ध्वनिमुद्रणात.

"दुसरीकडे कुठं प्रत?" दुकानातल्या शिष्यानं विचारलं.

"किती वेळा म्हटलं काढून ठेवू. आप्पांचं एकच, घरातच आहे, जातंय कुठं!"

आप्पा बाहेरच्या रहदारीचं निरीक्षण करू लागले.

शिष्यानं बटण दाबलं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं आणि तिथंच थिजलं. आतून टकटक. त्यानं बंद केला, पुन्हा चालू केला. पुन्हा तेच.

"अरे, दमेकऱ्याला किती वेळा जिना चढवशील?" म्हणत दुकानाचे वृद्ध वस्ताद उठले. त्यांनी डिस्क काढून बाजूला ठेवली, तिच्या जागी दुसरी बसवली. संगणक क्षणात सुरू झाला.

मुलगी रडकुंडीला आली. "काका, संगणक घाला चुलीत! आप्पांचा आवाज त्या काढलेल्या डिस्कमध्ये आहे."

"वस्ताद, म्हातारचळ लागला का?" शिष्य म्हणाला. "पेशंट बाहेर ठेवला आणि पलंग दुरुस्त केला!"

वस्तादांनी उपदेश केला नाही. या वयात ही दुर्मिळ गोष्ट. सुरू झालेल्या संगणकाला त्यांनी ती जुनी डिस्क बाहेरून वायरनं जोडली. बराच वेळ काही नाही. मग पडद्यावर एकेका मैदानाचं नाव उमटू लागलं. शिष्य ऐकायला धावला, तर हातावर चापट बसली. "आधी उतरवून घे. ऐकणं मागाहून."

प्रती निघू लागल्यावर वस्ताद म्हणाले, "संगणक जागा करायचा मान या डिस्ककडे होता. तो झेपत नव्हता, म्हणून ही सगळंच अडवून बसली. मान काढून घेतला. आता तिला एवढंच विचारायचं, बाई, तुला काय आठवतंय? ते ती सांगते आहे."

"तुमचंही तेच आहे की," शिष्य म्हणाला. "साधी वायर विकायची तरी तुमचा होकार लागतो."

वस्ताद खळखळून हसले. "मग विक! अडलास तरच विचार."

प्रती निघाल्या. मुलीनं एक मैदान लावलं. हलगी कडाडली आणि आप्पांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला, "बघा मंडळी, पट काढला! खाली घेतला! घिस्सा मारला, आणि..."

पुढचा तुकडा डिस्कमधून आलाच नव्हता. आप्पांनी मांडीवर थाप मारून मुलीकडे बोट केलं.

"आणि चीतपट!" ती त्यांच्याच ठेक्यात ओरडली. "वाजवा की टाळ्या, हात काय भाड्यानं आणलेत?"

समोरच्या चहावाल्यानंही टाळ्या पिटल्या. तेवढ्यात ध्वनिमुद्रण पुढं सरकलं, आप्पांचा आवाज पुन्हा गरजला. आप्पा उठले. इतक्या कष्टानं परत मिळालेला स्वतःचा आवाज त्यांनी स्वतःच्या हातानं थांबवला आणि मुलीला खूण केली, तू बोल.

वडीलधाऱ्यांनो, एवढं जमवा. मग तुमच्या सगळ्या आठवणी ऐकायला आम्ही बसलोच आहोत.