फाटकावरची खुर्ची

एका शहरात एकदा गावांच्या नावांचा कोश तयार होत होता. कोणत्या गावाचे नाव कशावरून पडले, जुनी माणसे ते कसे उच्चारत, त्यामागे कोणती हकिकत सांगत, हे सारे त्यात यायचे होते. प्रत्येक गावासाठी संगणकावर एक स्वतंत्र फाइल होती आणि अशा फायली हजारोंनी साठल्या होत्या. एक धनिक व्यापारी या कार्याचा आश्रयदाता होता. फायली सांभाळण्याची जबाबदारी एका तरुण विद्यार्थिनीवर होती. तिने एका वृद्ध आचार्यांकडे संगणकशास्त्राचे धडे घेतले होते. आचार्य आता निवृत्त झाले होते, तरी काही अडले की ती त्यांच्याकडेच जाई.

तिचे काम असे. संपादकांनी फायलींमध्ये जे बदल केले असतील ते शोधायचे आणि त्यांची आवृत्ती जपून ठेवायची, म्हणजे पुढे कुणाच्या हातून काही पुसले गेले तर आधीचे परत आणता येते. त्यासाठी संगणकात एक प्रणाली होती. परंतु काय बदलले हे कळावे म्हणून ती प्रणाली पहिल्या फाइलपासून शेवटच्या फाइलपर्यंत जाई आणि प्रत्येकीला विचारी, तू बदललीस का? बदल एका फायलीत असो की शंभर फायलींत, फेरी पूर्णच व्हायची. तोवर सर्वांनी हातावर हात ठेवून बसायचे. संपादक याला विटले. 'आवृत्ती नंतर करू' असे म्हणत ते काम पुढे ढकलू लागले.

एके दिवशी एका सहकाऱ्याच्या चुकीने सर्वांत ज्येष्ठ असलेल्या संपादकांच्या कोकणातल्या गावांच्या नोंदी पुसल्या गेल्या. त्यांची जपलेली आवृत्ती नव्हतीच. ज्या वृद्धांकडून त्यांनी त्या हकिकती मिळवल्या होत्या, त्यांपैकी काही आता हयातही नव्हते.

व्यापारी संतापला. पुन्हा असे घडले तर कोशाचे काम बंद करीन, आणि सर्वांत आधी या मुलीला घरी पाठवीन, असे त्याने बजावले. फेरीला इतका वेळ का लागतो, हे त्याने विचारले नाही. आश्रय देणाऱ्यांना दोषी माणूस चटकन सापडतो. दोष शोधण्याची तसदी कोण घेणार?

विद्यार्थिनी आचार्यांकडे आली. अधिक वेगवान संगणक कोणता घ्यावा, असे तिने विचारले. आचार्यांनी सर्व ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "ते नंतर पाहू. आधी आमच्या या वसाहतीतल्या प्रत्येक घरी जा आणि विचार, आज तुमच्याकडे पाहुणे आले का. तासाभराने पुन्हा एक फेरी मार."

तिला काही उमगले नाही, पण गुरूंचा शब्द मोडवेना. ती जिने चढली, उतरली, बेल वाजवत फिरली. पहिल्या फेरीत लोकांनी कौतुकाने उत्तर दिले. दुसऱ्या फेरीत कपाळाला आठ्या पडल्या. एका आजोबांनी तर दाराआडूनच सुनावले की पाहुण्यांपेक्षा तुझाच पायरव जास्त झाला. पहिल्या घरातल्या काकू पिठाच्या हातांनी दारात आल्या आणि म्हणाल्या, "अगं, मघाशीच नाही म्हटलं ना? मधल्या मधे पाहुणा काय गच्चीवरून उतरणार आहे?"

ती घामाघूम होऊन परतली. आचार्यांनी वसाहतीच्या एकमेव फाटकापाशी एक प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती. तिला तिथे बसायला सांगून ते पेपर वाचू लागले. संध्याकाळपर्यंत बॅगा घेतलेले एक कुटुंब आले, नंतर आंब्याची पेटी खांद्यावर घेतलेला एक तरुण आला. दोघांनीही तिलाच पत्ता विचारला.

दिवे लागले तेव्हा आचार्यांनी पेपरची घडी घातली. "आज कुणाकुणाकडे पाहुणे आले?"

तिने बसल्या जागेवरून दोन घरे सांगितली.

"बेल किती वाजवल्यास?"

"एकही नाही, सर."

"तुझ्या फायलींनाही असंच एक फाटक आहे," आचार्य म्हणाले. "कुठलीही फाइल बदलायची तर संगणकाच्या मूळ यंत्रणेच्या हातूनच बदलते. तिला प्रत्येक बदल घडतो त्या क्षणीच ठाऊक असतो. तिथे एक पहारेकरी बसव. तुझ्या प्रणालीनं त्याला इतकंच विचारायचं, मागच्या वेळेपासून कोण बदललं? तो सांगेल तेवढीच दारं वाजवायची."

विद्यार्थिनी खाली पाहू लागली. अशा पहाऱ्याची सोय त्या प्रणालीत पहिल्यापासून होती. तिनेच ती बंद ठेवली होती.

"दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबायचं नाही, स्वतः पाहायचं, हे तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली.

"पाहायला शिकवलं. सगळ्या गावाची झोपमोड करायला नाही." आचार्यांचा आवाज थोडा चढला. "नोव्हेंबर आला की मी बँकेत रांगेत उभा राहतो, जिवंत आहे हे दाखवायला. सगळेच निवृत्त उभे राहतात, काठी टेकत, कुणाचा तरी आधार घेत. एखादा गेला तर त्याची नोंद पालिकेत होतेच की. ती बघायला कुणाला सवड नाही. जे मेले नाहीत त्यांनी मात्र दरवर्षी हजेरी द्यायची. याला तू दक्षता म्हणतेस?"

मग तिने मनातली खरी भीती बोलून दाखवली. "आणि फाटकावरचा पेंगला तर?"

आचार्यांना हा प्रश्न आवडला. "तर त्यानं तसं सांगावं. त्या दिवशी खुशाल सगळी दारं वाजव. झोपेतून उठून 'कुणी आलं नाही' म्हणणारा पहारेकरी तेवढा ठेवू नकोस. ज्याला 'मला ठाऊक नाही' म्हणता येतं, त्याच्याच 'काही झालं नाही'वर भरवसा ठेवावा."

दुसऱ्याच दिवशी तिने पहारा सुरू केला. पहिली फेरी पूर्ण घ्यावीच लागली. पहारेकऱ्याला आधीचे काही माहीत नव्हते. त्यानंतर मात्र चहाचा कप उचलेपर्यंत बदल सापडू लागले. संपादक एकेक नोंद झाली की आवृत्ती जपू लागले, कारण आता ते कुणाच्या जिवावर येत नव्हते. ज्येष्ठ संपादकांनी कोकणातली गावे पुन्हा लिहायला घेतली. जे आठवत होते ते लिहिले. जे आठवत नव्हते, त्यासाठी उरलेल्या माणसांना पुन्हा भेटून आले.

एका दुपारी वीज गेली आणि सगळे संगणक बंद पडले. वीज परत आली तसे ज्येष्ठ संपादक अधीरपणे लिहायला बसले. पहारा सुरू व्हायला अजून थोडा अवकाश होता. नेमका त्याच वेळी व्यापारी काम पाहायला आला होता. विद्यार्थिनीने प्रणालीला विचारले, काय बदलले? उत्तर येईना. पडदा नुसताच थांबून राहिला.

"पुन्हा तेच?" व्यापाऱ्याने विचारले. ज्येष्ठ संपादकांनी चष्मा काढून हातात धरला.

ती पडद्याकडे वाकली. मग पडद्यावरची एक लहानशी ओळ तिने वाचली आणि तिचे खांदे सैल झाले. मधल्या काळाबद्दल आपण सांगू शकत नाही, असे पहारेकऱ्याने कळवले होते. म्हणून प्रणाली एकेक दार वाजवत निघाली होती.

"शेठजी, आज लागू द्या वेळ," ती म्हणाली. "पहारेकरी झोपला होता, आणि त्यानं तसं सांगितलंय."

फेरी संपली. पडद्यावर एकाखाली एक कोकणातली गावे उमटली, मघाशी पहाऱ्याविना लिहिलेली, एकही न गळता. तिने त्यांची आवृत्ती जपली. ज्येष्ठ संपादकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. शेठजींना त्यातले कितपत कळले कोण जाणे, पण त्यांनी सर्वांसाठी चहा सांगितला.

संध्याकाळी ती आचार्यांकडे गेली. ते फाटकावरच्या खुर्चीत मान टाकून बसले होते. तिची चाहूल लागताच दचकून जागे झाले.

"सर, आज कुणाकडे पाहुणे आले?" तिने विचारले.

आचार्यांनी डोळे पुसले. "ठाऊक नाही, पोरी. डोळा लागला होता."

ती हसली आणि काकूंची बेल वाजवायला निघाली.