स्तंभाकडे पाठ नको

राजाने भिवबा चिताऱ्याला तीन दिवस दिले होते. त्यातले दोन त्याने कपाळाला हात लावून घालवले.

भैरवराजाने सात झोपड्यांचं एक गाव जिंकलं आणि त्याबद्दल चौकात विजयस्तंभ उभारला. स्तंभाकडे पाठ करायला बंदी! त्यामुळे सगळं शहर चौकातून उलटं चालायचं आणि रोज कुणीतरी हौदात पडायचं. आता राजाला तोच स्तंभ दरबारातल्या जुन्या चित्रातही हवा होता. आजोबांच्या काळातलं भिंतभर चित्र, त्यात अख्खं शहर. अट एवढीच, की चित्रातल्या कुणाचीही पाठ स्तंभाकडे नको आणि एकाही माणसाला कुंचला लावायचा नाही. नाही जमलं तर भिवबाने शहर सोडायचं.

भिवबाची मुलगी हौसा त्याचे रंग खलायची. तिसऱ्या दिवशी ती सकाळभर चित्राकडे बघत बसली. स्तंभ कुठेही घाला, कुणाची तरी पाठ आडवी यायचीच. शेवटी तिने बापाच्या हातातून कुंचला काढून घेतला आणि त्याला जेवायला पाठवलं.

संध्याकाळी राजाने पडदा सरकवला. चित्रातल्या बाजारात कुंभाराचं गाढव उधळलेलं होतं आणि त्याच्या पाठीवर विजयस्तंभ होता.

दरबारी आपापल्या पायांकडे बघू लागले.

“हा माझा स्तंभ?”

“जी. कळसासकट,” हौसा म्हणाली.

“गाढवावर?”

“गाढव जुनंच आहे, महाराज. सगळं शहर पहिल्यापासून त्याच्याकडेच बघतंय.”

वाड्यासमोर घाल, राजा म्हणाला. तिथे आजोबामहाराजांची पाठ येत होती. हत्तीवर बसून तेही गाढवच बघत होते. देवळापाशी घालावा, तर पुजारी पाठमोरे. राजाने स्वतः चित्रभर बोट फिरवलं. बोट गाढवापाशी येऊन थांबलं.

“मग गाढवाच्या पुढे उभा कर.”

“ते पळत सुटलंय, महाराज. धडकेल.”

“मागे?”

“मागे लाथा झाडतंय.”

“म्हणजे माझ्या स्तंभाला दुसरी जागाच नाही?”

“आहे की. माणसांना पाठ फिरवू दिलीत, तर कुठेही उभा राहील.”

राजाच्या मिशा थरथरल्या. तेवढ्यात तोंडाचा आ करून गाढव बघणारे आजोबामहाराज त्याला दिसले आणि तो पोट धरून हसत सुटला.

भिवबाचं घर वाचलं, बंदी उठली. हौसा दरबारची चितारीण झाली. बक्षिसाचं सोन्याचं कडं हातात घालून ती चौकातून घरी गेली, स्तंभाकडे पाठ करून, सरळ.