दाराबाहेरचे दोन दगड

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या गोल दगडी गढीत शिरायचं, तर दाराबाहेरच्या दोन दगडांना हात लावूनच. दोन्ही गुडघाभर उंच, दोन्ही कोरे. मी घाईत एकालाच हात लावला, तेव्हा गढी दाखवणाऱ्या म्हाताऱ्या डोनलने मला दंडाला धरून मागे ओढलं.

"इथे निवड करायची नाही," तो म्हणाला. मी दुसऱ्या दगडाला हात लावेपर्यंत तो दारातून हलला नाही.

मग त्याने सांगितलं. चुन्याशिवाय नुसते दगड रचून उभारलेली ही गढी कॉनल नावाच्या सरदाराची. त्या काळी सरदार आपली मुलं तान्ही असतानाच दुसऱ्याच्या घरी वाढायला देत. कॉनलने आपला मुलगा गोर्म्ला या गुराखिणीकडे दिला. तिचाही मुलगा तेवढाच; दोघे एकाच दुधावर वाढले. कॉनल कुरणात यायचा तो गाई बघायला. पोरांकडे त्याने कधी मान वळवली नाही.

"गाईंना मात्र नावानिशी ओळखायचा मेला," डोनल म्हणाला.

एका संध्याकाळी शेजारच्या टोळीची धाड आली. गोर्म्ला कळप हाकत, दोन्ही पोरांना घेऊन गढीकडे धावली. कॉनलचा शिरस्ता होता, आधी गाई, मग माणसं. दार अरुंद, गाई एकेक करून आत गेल्या. शेवटची गाय आत गेली तोच शत्रू उतारावर दिसले आणि कॉनलने दाराला शिळा लावायला सांगितली. तुमचा मुलगा बाहेर आहे, असं गोर्म्ला ओरडत राहिली म्हणे. जीव वाचवायला कोणीही असंच म्हणेल, असं म्हणून तो गाईंकडे वळला.

सकाळी शिळा हटवली. दोन्ही पोरं दारातच मरून पडली होती. गोर्म्लाला मेली समजून टाकलं होतं, पण ती जगली. यातला माझा कोणता, असं कॉनलने तिला विचारलं.

"शिळा लावलीत तेव्हाच दोघं माझे झाले," ती म्हणाली.

त्याने तिला उपाशी ठेवलं, मारलं, शेवटी सगळा कळप देऊ केला. तिने मरेपर्यंत ते सांगितलं नाही. पोरांना दाराबाहेरच पुरलं आणि कोणता कोणाचा हे कळेना म्हणून वर दोन कोरे दगड उभे केले. कॉनल त्या दोन्ही दगडांपुढे रडत म्हातारा झाला, असं सांगतात. मला त्याची कीव आली नाही.

आजही त्या गावात कोणी एकाच दगडाला फूल वाहत नाही. आणि संध्याकाळी डोनलची गुरं घरी आली, तेव्हा आधी त्याची नातवंडं फाटकातून आत गेली. गाई बाहेर ताटकळत उभ्या होत्या.