कुरण कोणाचं?

फार पूर्वी एका टेकडीवर एक राखणदार एकटाच राहत होता. टेकडीच्या अलीकडे त्याचं स्वतःचं गाव होतं. पलीकडे दोन गावं होती, एक मोठं आणि एक धाकटं. मधल्या कुरणावरून त्या दोघांचं कधीच पटलं नाही.

एकदा राखणदाराच्या गावाने मध्यस्थी करायचं ठरवलं. पण हे शहाणे भांडण सोडवायला गेले ते गुरं घेऊनच! भांडण राहिलं बाजूला, यांचीच गुरं पावसाळाभर तिथे चरली. नाचक्की होऊन परतल्यावर पंचांनी कानाला खडा लावला. यापुढे टेकडीपलीकडे कुणीही पाऊल टाकायचं नाही. जाणाऱ्याला अडवायला हा राखणदार नेमला. मग काय, त्याच्याकडे कुणी फिरकेनासं झालं. त्याची भाकरीसुद्धा पायथ्याशी ठेवून माणूस परस्पर निघून जाई.

दिवसभर तो धाकट्या गावाकडे बघत बसे. तिथल्या माणसांची नावंही त्याला ठाऊक नव्हती, तरी जगात आपलं म्हणावं असं त्याला तेवढंच होतं.

एका सकाळी मोठ्या गावाने धाकट्या गावाला वेढा घातला. आजवर कुरणात लाठ्या चालायच्या. आज माणसं घरांना बाहेरून कड्या घालत होती आणि भिंतींशी गवत रचत होती.

राखणदाराच्या शेजारीच नगारा होता. पण आपल्या गावावर संकट आलं तरच तो वाजवायचा, असा हुकूम होता. त्याचा हात उचलला गेला नाही. तो धावत खाली आपल्या गावात गेला.

"पाटील, चला! घरं पेटवताहेत!"

"पण मुळात कुरण कोणाचं?" पाटलांनी विचारलं.

"ते मला नाही माहीत. घरात माणसं आहेत, एवढं माहीत आहे."

"मागे गेलो तेव्हा काय शोभा झाली, विसरलास?" एक पंच म्हणाला.

"तेव्हा आपण गुरं चारायला गेलो होतो हो!" राखणदार कळवळून म्हणाला.

खल सुरू झाला. धाकट्यांनीही काहीतरी आगळीक केली असेल, असंही कुणी म्हणालं. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा कुठे मंडळी उठली.

त्यांना टेकडी उतरताना पाहूनच मोठ्या गावाची माणसं पसार झाली. काठी उगारावीसुद्धा लागली नाही. पण तोवर घरं जळून गेली होती. विहिरीपाशी एक बाई बसली होती. तिने राखणदाराकडे निरखून पाहिलं.

"वर तुम्हीच उभे होतात ना, दादा?" ती म्हणाली. "मी घरच्यांना सांगत होते, घाबरू नका. त्यांनी पाहिलंय, आता येतीलच."

तिच्या घरचे कुठे आहेत, हे विचारायची राखणदाराला हिंमत झाली नाही.

तात्पर्य एवढंच, की दुसऱ्यांच्या जमिनीचा निवाडा आपण करू नये. पण त्या जमिनीपायी माणसं मारली जात असतील, तर निवाड्यासाठी थांबूही नये. जावं, माणसं वाचवावीत आणि रिकाम्या हातांनी परत यावं.