तेल लावलेली मिरची

एकदा एक मिरचीचा व्यापारी पोट धरून एका वृद्ध डॉक्टरांच्या दारी आला. वर्षभर पोटात आग पडत होती. घशातून नळी घालायचं नाव काढलं की शेठला घाम फुटे. म्हणून डॉक्टरांच्या शिष्याने श्वासाची तपासणी केली. एक औषध पाजायचं, थोडं थांबायचं आणि पिशवीत फुंकर मारायला लावायची. पोटात जंतू असले, तर ते त्या औषधावर तुटून पडतात आणि त्याची खूण श्वासात उतरते.

खूण उतरली नाही.

"शेठ, जंतू नाहीत," शिष्य म्हणाला. "ही मिरचीचीच करणी. दुकान सोडा."

शेठचा चेहरा पडला. "तीन पिढ्यांची गादी आहे हो! मिरची जिभेला टेकवून जात सांगणारा माणूस मी. आता काय बत्तासे विकू?"

शिष्याला वाईट वाटलं, पण शंका वाटली नाही. तपासणी नामांकित, यंत्र नवं. वृद्ध डॉक्टरांनी मात्र कागद पाहिलाच नाही. ते शेठच्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहत होते.

"शेठ, दुकानातून मूठभर मिरची मागवा. आणि आतून खलबत्ता आण रे."

गुरूंचं वय झालं की काय, असं शिष्याच्या मनात आलं. डॉक्टरांनी मिरचीला तेल चोळलं आणि त्यालाच कुटायला बसवलं. कुणाला साधी शिंकही आली नाही.

"कशी आहे?"

"अगदी सौम्य, सर."

"चाखून बघ."

चिमूट जिभेवर पडली मात्र, शिष्य पाण्यासाठी खोलीभर नाचला. शेठ वर्षात पहिल्यांदा पोट धरून हसला. "अहो, लवंगी आहे ती! तेल लावलं की भुकटी उडत नाही, मग ठसका कुठून येणार? तिखटपणा जातो थोडाच!"

"हेच मला म्हणायचं होतं," म्हणत डॉक्टरांनी शेठच्या खिशातून गोळ्यांची पट्टी अलगद काढली. "शेठ, ही पित्ताची गोळी रोज घेता ना? ती जंतूंना मारत नाही, नुसती दाबून ठेवते. तेल लावलेल्या मिरचीसारखी. बाळा, श्वास खोटं बोलला नाही. आपण त्याला भलत्या वेळी विचारलं. दोन आठवडे ही गोळी बंद. मग पुन्हा फुंकर. आणि शेठ, फारच दुखलं तर घरी कण्हत बसू नका, इकडे या."

शेठने दोन आठवडे दात-ओठ खाऊन काढले. पुन्हा पिशवी फुगली. यंत्रावरचा आकडा पाहून शिष्य खुर्चीतून उठलाच. "शेठ, ठसका आला! जंतू आहेत!"

"आहेत म्हणून एवढं नाचतोस, लेका?" शेठ म्हणाला, पण त्याचेही डोळे भरून आले होते. जंतूंना औषध होतं. गादी सोडण्याच्या दुःखाला नव्हतं.

दोन आठवडे औषधं झाली. त्यानंतर पित्ताची गोळी न घेता महिनाभर थांबून तिसरी फुंकर घेतली. आता खूण नव्हती, आणि आता ते खरंच होतं. त्या दुपारी शेठने भर बाजारात, गादीवर बसून एक लवंगी कडकन तोडली, जिभेला टेकवली आणि तिची जात ओरडून सांगितली.

शिष्य गर्दीत उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी पहिला रोगी आला, तेव्हा त्याने यंत्राला हात लावला नाही. रोग्याजवळ बसून म्हणाला, "आधी सांगा काका, खिशात कोणत्या गोळ्या आहेत?"