ना पुढे, ना मागे

हिवरगडच्या मानाजीराजांनी सही करून टाकली, आणि मग त्यांना कळलं की आपण कशावर सही केली.

हिवरगड आणि सोनतळ ही शेजारशेजारची संस्थानं. मधे नदी, नदीवर पूल, पुलावरून आगगाडीचा एकच रूळ. त्यावर गाडीही एकच, हिवरगड सरकारची. ती सकाळी सोनतळला जाई आणि संध्याकाळी परत येई. निदान यावी असा नियम होता. पण राजेसाहेब शिकारीला निघाले की गाडी त्यांच्यासाठी थांबे, आणि दिवाण गुंडोपंतांना आंब्याच्या पेट्या आणायच्या असल्या की माणसं उतरवून तिच्यात पेट्या भरत. दुसरी गाडीच नव्हती, तेव्हा लोक बोलणार कोणाजवळ?

मग राजकन्या मैनाराजे सोनतळच्या युवराजांना दिली. लग्नाच्या पंगतीत व्याह्यांनी कागद पुढे केला. रूळ ज्याचे त्याचे राहतील, पण गाडी कोणीही चालवावी, सीमेच्या अलीकडे आणि पलीकडेही, असा तो कायदा होता. व्याह्यांनी सही केली म्हणून राजांनीही केली.

महिन्याभरात दरबारात पहिला अर्ज आला. अर्ज करणारी होती सगुणा कासारीण. ती दोन्ही संस्थानांत बांगड्या भरायला हिंडे, आणि सरकारी गाडीच्या रेटारेटीत तिची निम्मी टोपली फुटे. बाजारात माल नेणारी दहाबारा माणसं तिने एकत्र केली होती. सोनतळच्या धरणावर दगड ओढायचं जुनं इंजिन पडून होतं, ते आणि दोन डबे त्यांनी भाड्याने ठरवले होते. आता फक्त हिवरगडची परवानगी हवी होती.

गुंडोपंतांनी राजांच्या कानाशी लागून सांगितलं की हिची गाडी आधी सुटली तर सगळे उतारू तीच घेऊन जाईल आणि मागून सुटली तर सरकारी गाडीचे दोष मोजत येईल. कायदा मोडता येत नव्हता, व्याह्यांना तोंड दाखवायचं होतं. म्हणून राजांनी अट घातली.

"गाडी चालव, आमची ना नाही. पण ती आमच्या गाडीच्या आधी सुटता कामा नये आणि नंतरही सुटता कामा नये. वाटेत आमच्या पुढे दिसता कामा नये आणि मागेही दिसता कामा नये. जमलं तर परवाना, नाही तर बांगड्या भर."

दरबार हसला. रूळ एक, त्यावर दोन गाड्या बरोबर कशा सुटणार? सगुणाने थोडा विचार केला आणि विचारलं, "सरकार, अट एवढीच ना? आणखी काही आठवलं तर आत्ताच सांगा."

"एवढीच," राजे म्हणाले.

"मग सोमवारी सकाळी आठला. आपण स्वतः गाडीत बसा, म्हणजे नंतर कोणाच्या सांगण्यावर जायला नको."

तिचे साथीदार मात्र घाबरले. भाडं बुडालं असंच त्यांनी धरलं. तिने त्यांना सोनतळला चला म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती निघून गेली.

सोमवारी आठला राजे डब्यात बसले, शेजारी गुंडोपंत. फलाटावर सगुणा नव्हती, तिची गाडीही नव्हती. शिट्टी झाली, गाडी हलली. खिडकीतून पुढे रूळ मोकळा, मागेही मोकळा. गुंडोपंत खूश झाले आणि त्यांनी पानाचा डबा उघडला.

नदीच्या अलीकडे जकातीचं नाकं होतं. सामानाची झडती तिथे होई, त्यामुळे तेवढ्याच ठिकाणी रूळ दोन होते. गाडी थांबली आणि राजांनी बाहेर पाहिलं. शेजारच्या रुळावर ते जुनं इंजिन धापा टाकत उभं होतं. त्याचं तोंड हिवरगडकडे होतं, मागे दोन डबे माणसांनी भरलेले. सगुणा पायरीवर उभी होती.

"आठला सुटले, सरकार," ती म्हणाली. "सोनतळहून. आधी नाही, नंतर नाही."

गुंडोपंत उठलेच. "पण बाई, अट काय होती? पुढे दिसता कामा नये. ही तर आमच्या पुढ्यात उभी आहे!"

"पुढे कुठे, दिवाणसाहेब? समोर आहे. लग्नात व्याही भेटायला येतो, तो तुमच्या पुढे चालतो की मागे चालतो? तो समोरून येतो, म्हणून तर गळाभेट होते."

गुंडोपंतांनी पानाचा डबा बंद केला. तेवढ्यात सगुणाच्या मागून डोक्यावरचा पदर सावरत मैनाराजे उतरल्या. लग्नानंतर एकदा त्या माहेरी यायला निघाल्या होत्या. सोनतळच्या फलाटावर दिवसभर बसून राहिल्या आणि गाडी आलीच नाही, कारण त्या दिवशी तिच्यात आंबे होते. तेव्हापासून त्यांनी निरोपही पाठवला नव्हता.

"आबासाहेब, आज वेळेवर निघाले," त्या म्हणाल्या.

राजांनी लेकीकडे पाहिलं, मग त्या धापा टाकणाऱ्या इंजिनाकडे, मग गुंडोपंतांकडे. आणि एकदम इतके हसले की जकातीचे शिपाई झडती सोडून बघायला लागले.

"दिवाणजी, व्याही समोर आल्यावर गाडीत बसून राहणं बरं दिसत नाही," म्हणत ते खाली उतरले. परवाना तिथेच नाक्यावरच्या मेजावर लिहिला गेला. हिवरगडच्या स्टेशनात सगुणाच्या गाडीसाठी सरकारी खर्चाने दुसरा रूळ घालावा, असंही राजांनी त्याच कागदावर लिहून दिलं.

गुंडोपंतांनी हळूच विचारलं की आता सरकारी गाडीचं काय करायचं.

"न्या की सोनतळला," राजे म्हणाले. "आम्ही लेकीबरोबर घरी जातो." मग सगुणाकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "सगुणाबाई, हिवरगडचं एक तिकीट द्या. खिडकीजवळचं."