प्राचार्यांच्या खुर्चीमागचं चित्र

मिशनच्या कॉलेजचा बारावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागे, कारण प्राचार्य आढाव कच्च्या मुलांना आधीच घरी पाठवत. सहामाहीत गणितात नापास झालेली प्रिस्का त्यांच्यापुढे उभी होती.

"हा घे दाखला. एकीपायी नव्व्याण्णव जणांचा निकाल बिघडवू काय?" सर गरजले.

त्यांच्या मागे चित्र होतं, खांद्यावर कोकरू घेतलेल्या येशूचं. प्रिस्कानं त्याकडे बोट दाखवलं.

"सर, हरवलेल्या एकासाठी मेंढपाळानं नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडली, असं सकाळच्या प्रार्थनेत तुम्हीच सांगितलंत. खांद्यावरचं ते कोकरू पहिल्या नंबरचं होतं का?"

सरांनी मागे वळून पाहिलंच नाही. दाखला मात्र परत खणात टाकला.

"उद्यापासून गणिताला माझ्यासमोर बसायचं," ते गुरगुरले.